विसरणारी पेटी

गुणपरीक्षण प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर गेले सोळा दिवस दोन संगणक शेजारी शेजारी चालू होते. डावीकडचा नेहमीचा, पंख्याची घरघर करणारा. उजवीकडचा पोळ्यांच्या डब्यापेक्षा मोठा नव्हता. त्याला पंखा नव्हता, आवाज नव्हता आणि खिडकीत टेकवलेल्या एका सौर पॅनेलवर तो दिवसभर चालत होता. डॉ. इंदुमती रणपिसेने त्याच्या पाठीवर तळहात ठेवून पाहिला. पेटी कोमटही झाली नव्हती.

“अठरा हजार रक्तनमुने तपासले, विश्राम,” ती म्हणाली. “दोघांची उत्तरं सारखी, वेग सारखा. तरी त्या एका यंत्राच्या किमतीत अशा चाळीस पेट्या येतात. कुठेतरी काहीतरी सोडलेलं असणार.”

विश्राम लोटलीकर तिचा एम.एस्सी.चा वर्गमित्र. पेटी त्याने बनवली होती आणि तालुक्या-तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत ती ठेवायची की नाही, हे इंदुमतीच्या अहवालावर ठरणार होतं.

“सोडलेलं आहे ना,” तो म्हणाला. “हिला विसरता येतं.”

“नीट सांग.”

“साध्या संगणकात एकदा लिहिलेली नोंद कायमची राहते, मग ती रोज लागो की कधीच न लागो. सगळ्यांना सारखी जागा, सारखी वीज. माझ्या पेटीत विरणारी स्मृती आहे. एका पातळ पडद्यावर खुणा उमटतात. खूण वापरली की गडद होते. नाही वापरली की फिकट होत जाते आणि शेवटी तिच्या जागी तिच्याशी सगळ्यात मिळतीजुळती गडद खूण पसरते. म्हणून एवढ्याशा जागेत काम भागतं. आपला मेंदू तरी दुसरं काय करतो?”

“आपल्याला निदान कळतं, की काहीतरी आठवत नाहीये.”

“हिला ते कळत नाही,” विश्रामने प्रामाणिकपणे सांगितलं. “तिच्या दृष्टीने मधे काही घडलेलंच नसतं.”

इंदुमतीने चष्मा काढला. “अरे, मग रक्ताच्या कामाला ही कशी चालेल? तिथे दहा हजारांत एकदा लागणारी माहितीच नेमकी जिवावरची असते.”

“माझा भाऊ कसा गेला, तुला माहीत आहे. रुग्णालयात रक्त होतं, फक्त जुळणी करणारा माणूस रजेवर होता. दोन तास आम्ही त्या बाटल्यांकडे बघत बसलो होतो.” त्याचा आवाज चढला नाही. “आज चारशेवर रुग्णालयांत हीच अवस्था आहे. दहा हजारांत एकाला चुकेल म्हणून बाकीच्या नऊ हजार नऊशे नव्याण्णवांना काहीच द्यायचं नाही? सांग, तसं लिही.”

तिला तसं लिहिता आलं नाही. तिने गुण लिहिले: लहान, स्वस्त, विजेची चणचण असलेल्या जागी उपयुक्त, चालवायला सोपी. मग परिशिष्टात एक परिच्छेद घातला, की क्वचित लागणाऱ्या नोंदी किती काळ टिकतात याची फेरतपासणी व्हावी. खाली सही केली. परिशिष्ट कुणी वाचलं नाही. पेट्या मात्र चार महिन्यांत सगळीकडे पोचल्या.

आणि त्यांनी माणसं वाचवली, हे नाकारायचं कारण नाही. नमुना पेटीच्या कॅमेऱ्यासमोर ठेवायचा, ती गट सांगायची, साठ्यातली जुळणारी पिशवी शोधायची आणि शीतकपाटाचा तोच कप्पा उघडायची. रक्त वेळेवर न मिळाल्याने होणारे मृत्यू पहिल्याच वर्षी निम्म्यावर आले. इंदुमतीने तो आकडा वाचला तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

दोन वर्षांनी निमसोंडच्या ग्रामीण रुग्णालयातून डॉ. फैयाज मुजावर यांचा फोन आला. त्यांनी इंदुमतीचं नाव अहवालावरून शोधलं होतं, आणि परिशिष्ट वाचलेला तो पहिलाच माणूस होता.

“मॅडम, सुरेखा भोईटे म्हणून बाळंतीण होती. रक्तस्राव झाला. पेटीने ओ गट सांगितला, ओचीच पिशवी दिली. पाच मिनिटांत तिला थंडी भरली, कंबर धरून ओरडायला लागली. आम्ही रक्त थांबवलं, पण ती गेली. तिचा नमुना मी जपून ठेवलाय.”

इंदुमती दुसऱ्या दिवशी दुपारी निमसोंडला पोचली. येताना तिने काचेच्या नळ्या आणि तपासणीची द्रव्यं बरोबर आणली होती. सुरेखाच्या रक्तावर साचलेलं पिवळसर पाणी, म्हणजे रक्तद्रव, तिने ओ गटाच्या पेशींवर सोडलं. ओ गटाच्या माणसाचं रक्त ओ पेशींना काही करत नाही. इथे नळीच्या तळाशी लाल दाणे गोळा झाले.

“बॉम्बे रक्तगट,” ती म्हणाली. “वरवर ओसारखाच दिसतो. पण या माणसांना ओचं रक्तसुद्धा विषासारखं. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं चालतं.”

“पण हे पेटीला शिकवलेलं नव्हतं?”

“शिकवलं होतं. मी स्वतः तपासलं होतं.”

तिने नळी पेटीच्या कॅमेऱ्यासमोर धरली. पडद्यावर ओळ आली: गट ओ. नमुन्यात डाग. तपासणी पूर्ण. दाण्यांना ती डाग समजली होती.

दोन वर्षांत या पेटीने तीन हजारांवर नमुने पाहिले होते. त्यांत हा गट एकदाही आला नव्हता. खूण विरली, आणि तिच्या जागी सगळ्यात मिळतीजुळती खूण पसरली. ओची.

तिने तिथूनच विश्रामला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं.

“पुन्हा शिकवतो,” तो म्हणाला. “आजच, सगळ्या पेट्यांना.”

“आणि ते किती दिवस टिकेल?”

“नवी पेटी होती तेव्हा सहा महिने टिकायचं. आता पडदे भरलेत. पंधरवडा, फार तर.”

“मग दर आठवड्याला आठवण करून दे.”

“कशाकशाची, इंदू? फक्त हाच गट नाही. एकमेकांशी न जुळणारी औषधं, क्वचितचे आजार, विपरीत प्रतिक्रिया, अशा अकरा हजार गोष्टी आहेत. त्या सगळ्या रोज जागत्या ठेवायच्या म्हटल्या तर मोठी स्मृती लागेल, मोठी वीज लागेल. मग ती ही पेटी राहणारच नाही. ती स्वस्त आहे कारण ती विसरते. ते काढून घेतलं तर तिच्यात दुसरं काही नाही.”

महिन्याभराने पेट्यांना मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक झाली. इंदुमती आणि मुजावर दोघंही गेले. अध्यक्ष सौजन्याने वागले. “रणपिसे मॅडम, चारशे बारा रुग्णालयं, दोन वर्षं. चुकीच्या रक्ताने झालेले मृत्यू, शून्य. ही नोंद तुम्ही पाहिलीत ना?”

“सुरेखा भोईट्यांची नोंद डॉक्टर मुजावरांनी स्वतः केली होती.”

अध्यक्षांनी पडदा तिच्याकडे वळवला. सुरेखा भोईटे, वय सव्वीस. मृत्यूचं कारण: प्रसूतीनंतरचा रक्तस्राव.

“हे कुणी बदललं?” मुजावर खुर्चीतून उठलेच.

“कुणीच नाही,” इंदुमती म्हणाली. “चुकीच्या रक्ताने मृत्यू, ही नोंद त्या पेटीत एकदाच झाली. नंतर ती कुणी उघडली नाही. बाळंतिणीच्या मृत्यूचं जे कारण नेहमी येतं, ते तिच्यावर पसरलं.” ती अध्यक्षांकडे वळली. “साहेब, तुमचं शून्य त्याच पेट्यांनी मोजलंय. त्या शून्यात किती माणसं आहेत, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.”

“म्हणजे एका नमुन्यापलीकडे पुरावा नाही,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यात त्यांची तशी काही चूकही नव्हती.

सुरेखाला एक धाकटी बहीण होती, तिच्याच दिराला दिलेली. उज्ज्वला. सातवा महिना चालू होता. इंदुमतीने तिचं रक्त हाताने तपासलं आणि निकाल येईपर्यंत तिच्याशी अंगणवाडीबद्दल बोलत राहिली. उज्ज्वला तिथे मदतनीस होती. नळीत दाणे धरले.

“ताईसारखंच का?” उज्ज्वलाने विचारलं.

“हो. पण घाबरू नकोस. या गटाचे रक्तदाते आहेत राज्यात. एकशे सेहेचाळीस जणांची यादी होती. लागलंच तर मागवून घेऊ.”

मध्यवर्ती रक्तपेढीत गेल्यावर इंदुमतीला कळलं, की ती यादीही वर्षापूर्वी विरणाऱ्या स्मृतीवर हलवली होती. तिथल्या अधिकाऱ्याने आनंदाने शोधून दिलं. बॉम्बे रक्तगटाचे दाते: एकही नाही. एकशे सेहेचाळीस माणसं कुठेही गेली नव्हती. आपापल्या घरी, आपापल्या कामावर होती. फक्त साडेसहा लाख ओवाल्यांच्या यादीत तीही ओ झाली होती, आणि त्या गर्दीतून त्यांना निवडून काढायला प्रत्येकाच्या दारात नळी घेऊन जावं लागलं असतं. जुने कागद केव्हाच रद्दीत गेले होते.

तिने उज्ज्वलाला खरं सांगितलं. उज्ज्वलाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“म्हणजे मला ताईचं रक्त चाललं असतं.”

“हो.”

“आणि तिला माझं.”

इंदुमतीने मान हलवली.

एकच वाट उरली होती. उज्ज्वलाचंच रक्त आधी काढून तिच्यासाठी ठेवायचं. मुजावरांनी पंधरा दिवसांच्या अंतराने दोन पिशव्या काढल्या. इंदुमतीने पिशव्यांवर शाईने ठळक लिहिलं: फक्त उज्ज्वला भोईटे हिच्यासाठी. पेटीतही तशी राखीव खूण केली, आणि ती विरणार हे माहीत असल्यामुळे मुजावर ती दर सोमवारी आपल्या हाताने पुन्हा करत. तंत्रज्ञ सरोज म्हस्केलाही त्यांनी सांगून ठेवलं, की या पिशव्या वेगळ्या आहेत, हात लावायचा नाही.

उज्ज्वलाला मंगळवारी सकाळी कळा सुरू झाल्या, ठरल्या दिवसाच्या बारा दिवस आधी. इंदुमती मिळेल त्या गाडीने निघाली. अकराच्या सुमाराला मुलगी झाली, चांगली रडली. आणि पाठोपाठ रक्त सुरू झालं, ते थांबेना.

मुजावर स्वतः धावत शीतकपाटाकडे गेले. कप्पा रिकामा होता.

“पिशव्या कुठायत?”

सरोजचा चेहरा उतरला. “सर, रविवारी... तो उसाच्या ट्रॅक्टरचा अपघात. तुम्ही आत शस्त्रक्रियेत होतात. ओच्या सगळ्या पिशव्या संपल्या. पेटीने या दोन दाखवल्या.”

“त्यावर लिहिलं होतं, सरोजबाई!”

“वाचलं मी. म्हणून पेटीला पुन्हा विचारलं. ती म्हणाली ओ, राखीव नाही.” ती रडत नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. “मला वाटलं, ओ म्हणजे ओ. सोमवारी जिल्ह्याहून ओच्या सहा पिशव्या आल्या, त्यांतल्या दोन मी त्याच कप्प्यात तिच्या नावाने ठेवणार होते. तेवढ्यात तुम्ही विचारलंत. तो माणूस मरत होता, सर.”

तिने बॉम्बे गटाचं नाव ऐकलं होतं ते फक्त मुजावरांच्या तोंडून. तिचं सगळं शिक्षण पेटीवर झालं होतं, आणि पेटीच्या धड्यांत तो गट नव्हता. सोमवारची खूण आपण केलीच नाही, हे मुजावरांना आता आठवलं: रविवारच्या धावपळीनंतर ती राहून गेली होती. केली असती तरी उपयोग नव्हता. पिशव्या आदल्याच दिवशी गेल्या होत्या, म्हणजे खूण सात दिवसही टिकली नव्हती.

पेटीच्या पडद्यावर ओळ लुकलुकत होती: रुग्ण ओ. साठ्यात जुळणाऱ्या पिशव्या सहा. कप्पा उघडू?

मुजावरांनी नाही म्हटलं. सलाईन लावलं, औषधं दिली, गर्भपिशवी काढून टाकली. उज्ज्वलाचा नवरा दारातून ओरडत होता, “समोर रक्त दिसतंय, ते का देत नाही तिला?” त्याला कुणी काय सांगणार? इंदुमती पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. उज्ज्वलाने तिला ओळखलं. “मुलीचं तपासलंत का?” एवढंच विचारलं. इंदुमतीने तिथेच उभ्या उभ्या मुलीचं रक्त नळीत घातलं आणि तिच्या कानाशी वाकून सांगितलं, “तिचं साधं आहे. साधा बी.” उज्ज्वलाच्या कानात ते शिरलं की नाही, कळलं नाही. सव्वातीनला ती गेली.

कागदपत्रं संपवून इंदुमती बाहेरच्या बाकावर बसली. शेजारच्या पुरुषांच्या खोलीत गडबड चालली होती. अपघातातला माणूस शुद्धीवर आला होता, आणि त्याची म्हातारी आई खोक्यातून पेढे वाटत प्रत्येकाच्या पाया पडत होती. भिंतीवरच्या फलकावर पेटीने या महिन्यातल्या वाचलेल्या माणसांत एकाची भर घातली होती. ती भर खरी होती.

म्हातारी इंदुमतीसमोर आली. “घ्या बाई. कुणा पुण्यवंताचं रक्त मिळालं माझ्या लेकाला. कुणाचं ते सांगा ना, त्यांच्या घरी जाऊन पाया पडते.”

आतून बाळाचं रडणं येत होतं. इंदुमतीने हात पुढे केला, पेढा घेतला आणि म्हातारीच्या देखत तो तोंडात घातला.