मोटर अजून गरम आहे

ज्यांना मी पुढे बदामवाले म्हणायला लागले, ते पहिल्यांदा आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आले तेव्हा स्वतः नखशिखान्त भिजलेले होते आणि मिक्सर मात्र रेनकोटात गुंडाळलेला होता. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून मला हाक मारली. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकानातली सगळी दुरुस्ती मीच करते. ते गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात.

"मिस्त्री कुठे आहेत?" बदामवाल्यांनी मला विचारलं.

"तुमच्या समोर उभे आहेत," मी म्हटलं.

ते इतके ओशाळले, की मला हसू आवरेना… माझं जे काही बिनसलं ते तिथेच.

मिक्सर उघडला, तर जळक्या तारेच्या आधी वेलचीचा वास आला. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्यांच्या आईच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि घास गिळता येत नव्हता. हे दूर कुठेतरी नदीवर पूल बांधायच्या कामावर होते, ते रजा टाकून आईपाशी येऊन राहिले होते. आईला एकच गोष्ट जायची — भाजलेले बदाम वाटून केलेलं मऊ लोणी, त्यात वेलची आणि किसलेलं जायफळ. कृती तिचीच, हात यांचे. एक कण राहिला तरी तिला ठसका लागायचा, म्हणून हे न थांबता मिक्सर फिरवत सुटायचे. शेवटी मोटरनेच राम म्हटला.

मी नवी मोटर बसवली आणि शिकवणी घेतली. एक मिनिट फिरवायचं, पाच मिनिटं थांबायचं. बदामाचं आधी पीठ होतं, मग गोळा होतो. तो गोळा भांड्याच्या कडेला चिकटून बसतो आणि वाटतं, आता काही खरं नाही. तेव्हाच धीर धरायचा. कडा खरवडायच्या, मोटर गार होऊ द्यायची. पाचव्या खेपेला तेल सुटतं आणि लोणी चकाकायला लागतं.

घरी मिक्सरच्या आवाजाने आईची दुपारची झोप मोडायची. म्हणून दर बुधवारी दुपारी शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून ते दुकानातच यायला लागले. मिनिटभर मिक्सर ओरडायचा आणि पाच मिनिटं आम्ही बोलायचो. एकदा शहाणपणा करून त्यांनी बदामात गुळाचा पाक ओतला. लोण्याला पाण्याचा थेंब चालत नाही, हे मी सांगायला विसरले होते. सगळ्याचा चिखल झाला.

"पूल असेच बांधता का हो?" मी विचारलं.

"पुलाजवळ मिस्त्री शांत असतात," ते म्हणाले. "असं बघत नाहीत."

"असं म्हणजे कसं?"

त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. माझ्या गालाला लोणी लागलं होतं. मी मुद्दाम दुसरा गाल पुसला… आणि ते खाली मान घालून हसले.

त्या दिवसापासून मी खोटं बोलायला लागले. मोटरवर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "अजून गरम आहे." ती गार झालेली असायची. पण त्या वाक्याची मला पाच मिनिटं मिळायची आणि आठवडाभर ती पुरवावी लागायची.

एका बुधवारी लोणी पाचव्या खेपेलाच चकाकलं होतं. तरीही मी म्हटलं, एखादा कण राहिलाय, पुन्हा फिरवू, पण मोटर अजून गरम आहे. एकदा म्हटलं, मग आणखी एकदा. दहा मिनिटं.

ते घरी पोचले तेव्हा आई गेली होती. नुकतीच. काकूंनी सांगितलं, तिने दोनदा विचारलं होतं, "आला का?"

हे मला बाबांकडून कळलं. त्यानंतर तीन आठवडे मला घास गिळवेना. त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. सांगितलं नाही तर जन्मभर सलेल आणि सांगितलं तर ते तोंडही बघणार नाहीत… यातलं कमी वाईट कोणतं, तेच कळत नव्हतं.

मग एका सकाळी तेच आले, मिक्सर घेऊन. दुसऱ्या दिवशी ते पुलावर परत निघणार होते. बाबा चहाच्या निमित्ताने बाहेर गेले.

"मला एक सांगायचंय," मी म्हटलं. "त्या दिवशी मोटर गरम नव्हती. दोन्ही वेळा. मी खोटं बोलले. तुम्ही मला आवडता, म्हणून… तुमची दहा मिनिटं माझ्यामुळे गेली."

ते मिक्सरच्या वायरची गुंडाळी करत राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तू गिऱ्हाइकाकडे वळलीस की मी हात लावून बघायचो. कितीतरी बुधवार ती गारच होती."

"मग उठला का नाहीत?"

"मला उठायचं नव्हतं."

त्यांच्या तोंडून 'तू' पहिल्यांदाच आलं होतं आणि आलं ते असं. मी रडायला लागले. ते जवळ आले नाहीत.

"तुझ्यावर राग नाही," ते म्हणाले. "तू मला आवडतेस. पण इथे बसलो की मला आईचं 'आला का' ऐकू येतं… दुसरं काही ऐकूच येत नाही." मग त्यांनी मिक्सर माझ्याकडे सरकवला. "हा ठेव. मोटर गार झाली की कळव. या वेळी खरं कळव."

कशाबद्दल बोलत होते, ते मला कळलं. त्या माउलीला मी कधी पाहिलंही नव्हतं, पण तिचा प्रश्न मलाही ऐकू यायचा. दर बुधवारी मी मोटरवर हात ठेवायचे, तो प्रश्न ऐकू यायचा आणि हात उचलायचे. असे आठ महिने गेले.

आज सकाळी बदाम भाजले. एक मिनिट फिरवलं, पाच मिनिटं थांबले. पाचच खेपा, एकही जास्त नाही. वेलची घातली, जायफळ किसलं. चमचाभर खाल्लं आणि भरपूर रडले. पण मधेच लक्षात आलं, मला त्यांच्या आईची ही कृती आठवत होती, तिचा प्रश्न नाही. मी त्यांना निरोप पाठवला — मोटर गार झाली. या वेळी खरंच.

संध्याकाळ झाली. उत्तर आलेलं नाही. बाबा शटर ओढायचा आकडा हातात घेऊन माझ्याकडे बघत उभे आहेत.

"ओढू का गं?"

"अजून पाच मिनिटं, बाबा."

त्यांनी आकडा भिंतीला टेकवला आणि माझ्याजवळच्या स्टुलावर येऊन बसले.