बिजाचा दिवाण

"बाई... तुमी कोणाले थोपटून राहिल्या?"

देवकीचा हात जागच्या जागी थिजला! बाहेर मे महिन्याची भर दुपार, धंतोलीच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, दारांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर शिंपडलेलं पाणी तेवढं टपटपत होतं, आणि दारात तिची धाकटी जाऊ नीला, सातवा महिना लागलेली, पांढरीफटक पडून उभी होती. देवकी जमिनीवर बसून बैठकीतल्या नव्या दिवाणावर हळूहळू थोपटत होती, ओठांत अंगाई होती. दिवाण रिकामा होता.

"कोणाले नाही वं... लाकूड किती गुळगुळीत झालं ते पाहून राहिले." खोटं बोलणं तिला जन्मात कधी जमलंच नव्हतं!

हा दिवाण म्हणजे तिच्या दिराची, महादेवरावांची हौस. वकिली चालू लागली, घर झालं, आणि बैठकीत काय ठेवावं यावर नवराबायकोत महिनाभर खल झाला. नीलाला हवा होता मऊ गादीचा सोफा. "तो दोन वर्षांत बसते वं! आपली नातवंडं लोळली पाहिजे असं लाकूड आणतो," म्हणत महादेवरावांनी कुहीच्या शेतातलं, धुऱ्यावरचं म्हणजे बांधावरचं, बिजाचं ऊर्फ बिबळ्याचं जुनं झाड ठरवून टाकलं. मग देवकीकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमी सांगा. कसं राहीन?"

काय सांगणार होती ती अभागिनी! त्याच झाडाखाली तिची तान्ही निजली होती. बारशाच्या आधीच गेलेलं ते लेकरू तिच्या नवऱ्यानं, आनंदरावांनी, एकट्यानं नेऊन तिथं पुरलं, जागा फक्त तिला सांगितली, आणि पुढं दोन वर्षांत तेही गेले. आईबाप नसलेला शाळकरी दीर मागं राहिला. आपलं सारं वात्सल्य तिनं त्याच्यावर ओतलं, अंगावरचे सोन्याचे डाग मोडून त्याला शिकवलं... आणि त्या गुणी पोरानं कधी साधा सदरासुद्धा हट्टानं मागितला नव्हता. आज पहिल्यांदाच असा हरखून विचारत होता!

"चांगलं लाकूड आहे भाऊजी. टिकीन," एवढंच ती म्हणाली.

तोडताना बुंध्यातून लाल चीक वाहिला. बिजाच्या झाडाचा वाहतोच म्हणा! पण देवकीनं तोंडात पदर कोंबला होता. दिवाण घरात आला आणि पहिल्याच दुपारी, सगळे झोपले असताना, त्यातून हुंदका आला. तान्ह्या लेकराचा, दबलेला... तिनं धावत जाऊन हात ठेवला, थोपटलं, तसा तो शांत झाला. त्या दिवसापासून तिची दुपार तिथंच जाऊ लागली.

आता नीला रोज दाराआडून पाहू लागली. आणि एका दुपारी तिचा बांध फुटला.

"रिकाम्या दिवाणाले अंगाई म्हणते ही! माह्या पोटावर करणी करून राहिली! आता या घरात एक तर ही राहीन, नाही तर मी!"

महादेवरावांनी मान खाली घातली. "वहिनी... काय आहे ते सांगून टाका नं एकदा."

सांगावं? माहेरी आई नसलेली ही पोटुशी पोर रोज ज्यावर पाठ टेकते, त्यात गेलेल्या लेकराचा जीव आहे म्हणून सांगावं? तिनं हाय खाल्ली तर? पोटातल्याला काही झालं तर? नको रे देवा! त्यापेक्षा चेटकिणीचा कलंक परवडला! "काही नाही सांगाले," देवकी म्हणाली, आणि एक पिशवी घेऊन उमरेडच्या एसटीत बसली. तिथं तिचा भाऊ होता.

श्रावणात महादेवराव उमरेडला आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"वहिनी, मुलगी झाली... घरी चला! आमची पोर झोपली राहते अन् रडू दिवाणातून येते. मी माह्या कानानं ऐकलं. मग पोर दचकून उठते, अन् इकडं ती रडते, तिकडं दिवाण रडते... नीला थोपटून थोपटून थकली. म्हणते, त्याले बाईचाच हात पाहिजे."

धंतोलीच्या घराच्या दारातच नीला देवकीच्या पायांवर कोसळली. "मी पापीण हो बाई! तुमाले नाही नाही ते बोलली... कोण आहे ते?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. देवकीनं सांगितलं. महादेवरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "झाड तोडायच्या आधी एक शब्द काहून नाही बोलल्या वहिनी?"

"तुमी पहिल्यांदाच काही मांगतलं होतं जी..."

"जाळून टाकतो हा दिवाण!"

"नका!" नीला किंचाळली. "लेकरू आहे ते! बिचारीचं बारसंच नाही झालं, बिननावाची रडून राहिली ती. उद्या आपल्या घरी बारसं आहे. दोघींचं करू."

दुसऱ्या दिवशी, शेजारच्या बायका यायच्या आधी, नीलानं दिवाणाला हळदकुंकू लावलं. "नाव काय ठेवणार होत्या बाई?"

ते नाव देवकीनं नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ती वाकली, लाकडाला ओठ लावले. "कुर्र... गोपिका."

आतून एक लांब उसासा आला आणि थांबला.

"आमच्या पोरीलेबी हेच नाव ठेवू काय?" नीलानं डोळे पुसत विचारलं.

"नाही वं. तेवढं एक तिचं राहू दे."

मग पाळण्यातल्या पोरीचं नाव शामला ठेवलं.

पुढच्या दुपारी देवकी सवयीनं दिवाणाशी येऊन बसली. हात ठेवला, थोपटलं, कान लावला. काही नाही! हाताखाली आता नुसतं लाकूड होतं. लेक सुटली होती, देवकीनं स्वतःच्या तोंडानं नाव देऊन तिला मोकळं केलं होतं... तरी तो वेडा हात थांबेना, आणि इतकी वर्षं कोंडलेलं रडू आज तिला आवरेना.

दारात नीला उभी होती. या वेळी ती आत आली, आणि शामलाला तिनं देवकीच्या मांडीवर ठेवलं.

"बाई, हिले झोपवा नं. माह्या हातानं झोपतच नाही."

शामला तर केव्हाचीच गाढ झोपली होती. देवकी तिला थोपटू लागली.