विमानात उतरवलेल्या पाटल्या

चप्पल काढायला जागा हवी म्हणून शेखरने स्टँडवरचा एक राखाडी पाऊच कोपऱ्यात सरकवला आणि साक्षीला आत घेतलं.

"मावशी, ही साक्षी ओव्हाळ. मी हिच्याच ऑफिसात आहे."

साक्षी देहूरोडची. रसायनशास्त्रातली पदवी घेऊन तिने चिंचवडला खाजगी तपासाचं ऑफिस थाटलं होतं. चाकणच्या कंपन्यांना उमेदवारांची खरी-खोटी माहिती काढून देणं हे तिचं रोजचं काम. शेखर तिची गाडी चालवायचा, फोटो काढायचा आणि निष्कर्ष मात्र तिच्या आधी काढायचा. ते बहुधा चुकायचे.

आजचा निष्कर्ष त्याने कालच काढला होता.

शालनमावशी परवा रात्री अमेरिकेहून, थोरल्या लेकाकडून, पिंपळे गुरवला परतल्या. काल दुपारी त्यांच्या सोन्याच्या दोन पाटल्या सापडेनात. घरात बाहेरचं माणूस एकच, धुणंभांडी करणारी सरूबाई. मावशींचे यजमान लक्ष्मणकाका तिच्यावर ओरडले तशी ती निघून चालली. पाटल्या गेल्याचा फोन ऐकून धावत आलेल्या शेखरने तिला सोसायटीच्या गेटवर गाठलं आणि वॉचमनसमोर तिची पिशवी उलटी केली. डबा, कंगवा, ओढणी. पाटल्या नव्हत्या.

तरी काकांनी गेटवरच्या कामवाल्यांच्या यादीत तिचं नाव बंद करून टाकलं. म्हणजे या घरासोबत सोसायटीतली तिची बाकीची तीन घरंही बंद.

"संध्याकाळी चौकीत जायचं हाय," लक्ष्मणकाका म्हणाले. "पोलीस म्हणतील पुरावा दाखवा. म्हून तुमाला बोलावलं. तिनं कुठं लपवल्यात तेवढं हुडका."

"तिनेच घेतल्या हे ठरलंय का?" साक्षीने विचारलं.

"मग काय आमी घेतल्या?"

साक्षी मावशींकडे वळली. "प्रवास कसा झाला?"

शेखरला हा प्रश्न फाजील वाटला. पण मावशींचा चेहरा उजळला.

"काय सांगू बाई! लेकानं भारीतलं तिकीट काढलं. खुर्चीची खाट व्हती. बटण दाबलं की पाय वर. मऊ दुलई, दोन उशा. जेवण आणून देतात ते बी चिनी मातीच्या ताटलीत. मी निजले ती निजलेच. कुणी उठवलं न्हाई, कुणी चहा मागितला न्हाई. लग्न झाल्यापासून अशी झोप लागली नव्हती."

काकांनी खाकरून खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि पाटल्या?"

"हात सुजले. पाटल्या रुतायला लागल्या. तिथं दिलेली क्रीम चोळून काढल्या, मोज्यात गुंडाळल्या आन् पर्समध्ये ठेवल्या."

"पर्समध्येच? नक्की?"

मावशींनी पदर सावरला. "पर्समध्येच."

"क्रीम, मोजे कुठले?"

"देत्यात की तिथं. एक पाऊच. परतेकाला."

"बघू तो."

मावशींनी कपाटातून राखाडी पाऊच काढून दिला. साक्षीने तो पलंगावर रिकामा केला. दातांचा ब्रश, डोळ्यांवरची पट्टी, कागदी पट्टीत बांधलेले मोजे, क्रीमची ट्यूब. तिने ट्यूबचं झाकण काढलं. तोंडावरचा चंदेरी पापुद्रा क्षणभर न्याहाळला आणि झाकण लावून टाकलं. परदेशी क्रीमचं हिलाही कौतुक, असं शेखरला वाटून गेलं.

धाकटी सून तनुजा स्वयंपाकघरात होती. नवरा चाकणला पहिल्या शिफ्टला गेलेला.

"मी सामानाला हातसुद्धा लावला नाही," ती म्हणाली. "लावू दिला असता तर ना! रात्री आल्या आल्या आई पिशवी घेऊन खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. सकाळी प्रत्येकाच्या हातावर काहीबाही ठेवलं. मला हे." तिने पाऊल पुढे केलं. पायात राखाडी मोजे होते. "फरशी गार लागते म्हणून घातलेत."

जिन्यात येताच शेखरने साक्षीला थांबवलं. "मोजे! पाटल्या मोज्यातच गुंडाळल्या होत्या. सरूबाई नाही, वहिनीच!"

"भावा, चोरी केल्यावर तेच मोजे पायात घालून ती आपल्याला दाखवेल?"

"मग सरूबाईच."

"तुझ्याकडे दोनच माणसं आहेत का रे?"

सरूबाई दापोडीत एका खोलीत राहायची. मूळची लातूरकडची. तिने दार उघडलं, शेखरला पाहिलं आणि दोन तांबे पाणी आणून ठेवलं. स्वतः उभीच राहिली. एरवी ती त्याला दादा म्हणायची.

"पिशवी आत हाय साहेब. आणू का?"

शेखरने तांब्या तोंडाला लावला. तसाच खाली ठेवला.

"काल नेमकं काय झालं?" साक्षीने हळू आवाजात विचारलं.

"सकाळी गेले. बाई लई खुशीत होत्या. हातावर वस्तू ठेवली, म्हणल्या विमानातली हाय, तुझ्या नातीला दे. दुपारी काका अंगावर आले. मी काय बोलणार? त्यांनी दिलेली वस्तू तिथंच ठेवली अन् चप्पल घालून निघाले. उघडून बी बघितली नव्हती. चोर म्हणणाऱ्याचं दान कशाला न्यायचं?"

"तुमच्या बाकीच्या घरांचं काय?"

"गेटवर नावच लागत नाही म्हणतात. तिघींचे बी फोन आले. एकीनं तर विचारलं, तिची वाटी सापडत नाही, ती बी मीच नेली का."

परतताना सांगवीच्या सिग्नलला साक्षी एवढंच म्हणाली, "शेखर, विमानातून उतरताना लोक खुर्चीवर काय काय सोडून जातात, माहीत आहे?"

त्याला माहीत नव्हतं.

दिवाणखान्यात सगळे बसल्यावर साक्षीने कपाटातला पाऊच टीपॉयवर ठेवला.

"मावशी, क्रीम चोळून पाटल्या काढल्या म्हणालात. या ट्यूबचं सील शाबूत आहे. मोज्यात गुंडाळल्या म्हणालात. या मोज्यांची कागदी पट्टीसुद्धा सुटलेली नाही. मग तुम्ही वापरली ती क्रीम कुठली? मोजे कुठले?"

साक्षीने ट्यूब आणि मोजे पाऊचमध्ये परत टाकले.

"म्हणजे हा पाऊच तुमचा नव्हे. तुमचा दुसरा होता. आणि तनुजाच्या पायातले मोजे? त्यात पाटल्या नव्हत्या, म्हणजे ते तिसऱ्यातले. प्रत्येकाला एक पाऊच मिळतो, हे तुम्हीच सांगितलंत. तुम्ही किती आणले?"

मावशींची मान खाली गेली.

"लोकं तसंच टाकून उतरली. नवंकोरं. मी उचलले. अमेरिकेहून आली आन् हात हलवत आली म्हणतात हो लोक. परतेकाच्या हातावर कायतरी ठेवावं लागतं." त्या थांबल्या. "विमानात जेवण देणाऱ्या पोरीनं बघितलं. हसली. तिचं ते हसू अजून डोळ्यांपुढून हलत न्हाई."

"आणि पाटल्या खरं तर पाऊचमध्ये ठेवल्या होत्या."

"व्हय. पाऊच पर्समध्ये. मग मुंबईत कस्टमवाले विचारतील या भीतीनं सगळे एका पिशवीत कोंबले. सगळे सारखे. वरचा तो माझा, असं धरून कपाटात ठेवला, बाकीचे वाटले. दुपारी उघडला तर पाटल्या न्हाईत."

"मग हे काल का नाही सांगितलं?"

"सुनेपुढं काय सांगू? दुसऱ्यांचं टाकलेलं गोळा करून आणलं म्हून?"

तनुजाने पाय साडीखाली ओढून घेतले.

"थांबा, थांबा," काका उसळले. "सरूला बी एक पाऊच दिलता न्हवं? त्यातच गेल्या! म्हंजे तिच्याकडंच हायती!"

शेखरला एकदम हायसं वाटलं. आपण चुकलो नव्हतो. मग ते हायसं वाटणंच त्याला बोचलं. ती चोर निघावी म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलोय का?

"सरूबाईंनी तो नेलाच नाही," साक्षी म्हणाली. "तुम्ही चोर म्हणालात तेव्हा त्या तुमची भेट तिथंच ठेवून, चप्पल घालून निघाल्या. चप्पल घालताना माणूस हातातली वस्तू कुठे ठेवील? शेखर, आत येताना तू काय बाजूला सरकवलंस?"

दारापर्यंतची चार पावलं शेखरला जड गेली. पाऊच कोपऱ्यात होता, त्याच्याच चपलांना टेकून. चेन उघडली. अर्धवट पिळलेली ट्यूब. मोज्यांचा बोळा. बोळ्यात पाटल्या.

त्याने त्या टीपॉयवर आणून ठेवल्या.

"तू जाऊन सांग ना तिला," मावशी शेखरला म्हणाल्या. "काही चूकभूल झाली म्हणावं."

"नाही," साक्षी म्हणाली. "झडती गेटवर झाली, चारचौघांत. बोलणंही तिथंच व्हायला हवं. आणि पाऊचचं सगळं सांगून."

काकांनी गेटवर नाव पुन्हा सुरू करायला लावलं. संध्याकाळी सरूबाई आली. वॉचमन सोनबा आणि कामावरून परतणाऱ्या दोघी-तिघींसमोर मावशींनी सगळं सांगितलं, पाऊच उचलल्यापासूनचं. सांगताना त्यांच्या हातातल्या पाटल्या किणकिणत होत्या, म्हणून त्यांनी हात पदराखाली घेतले.

सरूबाईने ऐकून घेतलं. "बरं झालं सापडल्या. बाकीची तीन घरं करीन. तुमचं नाही."

ती वर गेली. शेखर तिथंच घुटमळत राहिला. तिला काय म्हणायचं हे मनात जुळवत होता. साक्षी गाडीत बसून होती, तिने हॉर्न वाजवला नाही.

कामं उरकून सरूबाई खाली आली, शेखरसमोर थांबली. तो तोंड उघडणार इतक्यात तिने पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी ओढून रुंद केलं आणि ती त्याच्यापुढे धरली.

डबा, कंगवा, ओढणी.

"बघून घ्या साहेब. आता रोज दाखवूनच जाईन."

शेखरने पिशवीवरून नजर काढून घेतली. तिच्या तोंडाकडेही त्याला बघवलं नाही.