आता काय करतोस?

त्या दिवशी पंपवाला निघाला होता तो फक्त एक चार्जर परत करायला. भुताखेताचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तो कायम रात्रपाळीला असायचा आणि सकाळी सहाला पाळी बदलायला मी जायचो, म्हणून हे सगळं मला ठाऊक. ऐकीव गोष्टी सांगत बसणारा माणूस मी नव्हे. दिवा राहू दे तसाच, मोठा करू नका. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

चार्जर होता चष्मेवाल्याचा. हा त्याचा जिवलग मित्र. खाली चष्म्यांचं दुकान, वर दोन खोल्या, त्यात म्हातारे वडील आणि धाकटी बहीण. नऊ दिवसांपूर्वी चष्मेवाल्याची मोटारसायकल घसरली आणि तो जागच्या जागी गेला. चार्जर तेवढा पंपघराच्या टेबलावर राहिला होता. रोज नजरेला पडायचा.

जिन्यातच बहिणीने त्याला अडवलं.

"हळू बोला. बाबांना सांगितलेलं नाही."

"काय सांगितलेलं नाही?"

"दादा गेल्याचं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या हृदयाला हा धक्का झेपणार नाही. मी सांगितलंय, लांब नोकरी लागली म्हणून. तिथून आवाज पोचत नाही, फक्त लिहिलेलं पोचतं."

"अगं, असं काय सांगितलंस?"

"तोंडाला आलं ते बोलून गेले."

आता हे लिहिलेलं म्हणजे काय, ते आधी ऐका. पंपवाल्याला एक नाद होता. पाच जणांचा फोनवर ग्रुप, आणि त्यात खेळ. चित्र नाही, आवाज नाही, सगळा लेखी कारभार. पंपवाला सूत्रधार. तो लिहायचा, 'खिंडीत धुकं उतरलंय, पुढे दोन वाटा आहेत,' आणि शेवटी हमखास विचारायचा, 'आता काय करतोस?' मग ज्याला विचारलं त्याने आपल्या पात्राने काय केलं ते लिहायचं. अडचणीची जागा आली तर फासा, तोही फोनमध्येच पडायचा. वाट सूत्रधाराची आणि पाऊल खेळाडूचं, हा त्यांचा कायदा. सूत्रधाराने वाटेत डोंगर आणून ठेवावा, पण खेळाडूचं पाऊल त्याने टाकायचं नाही. चाळिशीला टेकलेली माणसं ही! मी म्हणायचो, अरे, पंप बघ, खिंडी काय बघत बसतोस. तर उलट मलाच म्हणायचा, तुम्हीही या, तुम्हाला दाढीवाला जादूगार करतो.

चष्मेवाल्याचं पात्र होतं कंदील्या, सगळ्यांच्या पुढे कंदील धरून चालणारा. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले. रोज संध्याकाळी मुलगा उशाशी बसून दिवसभराचा खेळ वाचून दाखवायचा, तोच त्यांचा एक विरंगुळा.

"आता मी वाचते," बहीण म्हणाली. "पण रोज विचारतात, कंदील्या गप्प का? तुम्हीच लिहा ना त्याच्या वतीने. दादा कसा लिहायचा ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?" आणि तिने भावाचा फोन त्याच्या हातात ठेवला.

नाही कसं म्हणणार? उरलेल्या तिघांना त्याने खरं काय ते सांगितलं, त्यांनीही सांभाळून घेतलं. बहिणीलाही ग्रुपमध्ये घेतलं. मग पंपवाला आपल्या फोनवरून वाट लिहायचा आणि मित्राच्या फोनवरून पाऊल. कायदा मोडला खरा, पण म्हाताऱ्याच्या जिवासाठी मोडला. एक पथ्य मात्र त्याने पाळलं. कंदील्याला 'आता काय करतोस?' हा प्रश्न कधी विचारला नाही. विचारणार कुणाला?

असे तीन महिने बिनबोभाट गेले. म्हातारा खूश. मुलीला म्हणायचा, "बघ, कामाच्या रगाड्यातही लिहितो. आठवण आहे त्याला माझी." ती स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

मग ती रात्र आली. मंगळवार संपून बुधवार लागला होता. एक वाजताचा पाण्याचा दाब वहीत टिपून पंपवाला टेबलाशी बसला. दुपारी डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यात दोन नंबरची मोटर एका सुरात घरघरत होती. पेंगत पेंगतच त्याने लिहिलं, 'खिंड ओलांडली. सगळे पाय मोकळे करून बसलेत. कंदील्या एकटाच उभा आहे.' आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बोट पुढे गेलं.

'आता काय करतोस?'

पाठवलं, आणि मग ध्यानात आलं. त्याने जीभ चावली. असू दे, म्हणाला, सकाळी मीच उत्तर लिहीन. मित्राचा फोन टेबलाच्या खणात होता. चार्जिंग संपून संध्याकाळपासून बंद.

एक वाजून बावीस मिनिटांनी कंदील्याचं उत्तर आलं.

'घरी जातो.'

पंपवाल्याने खण उघडला. फोन जसाच्या तसा. काळा. बटण दाबलं. उजेड नाही. हाताला थंडगार लागला.

त्याने बहिणीला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. डोळ्यांपुढे म्हातारा आला. अपरात्री समोर अपघातातला मुलगा तसाच उभा राहिला तर ते हृदय तिथेच थांबेल. आणि समजा, नाही थांबलं… तर हा कशाला येतोय? गेलेलं माणूस घरी येतं ते कुणाला तरी न्यायलाच, असं त्याने लहानपणापासून ऐकलेलं.

सूत्रधाराच्या हातात होतं ते त्याने केलं. वाट अडवली.

'दरड कोसळली आहे. रस्ता बंद.'

'बाजूने जातो.'

'कंदील विझला.'

'मला कंदील लागत नाही.'

'नदीला पूर आहे. फासा टाक.'

फासा पडला. सहा.

'ओलांडली.'

दोनचा दाब टिपायला तो उठला. वहीत असा खरडला की तो आकडा सकाळी मला लागेना.

दोन वाजून सहा.

'टाकीमागचा रस्ता. कुत्री उठली.'

खेळात टाकी नव्हती. कधीच नव्हती. टाकी पंपघराच्या मागे होती… खरी.

आणि मागे कुत्री भुंकायला लागली.

भुंकली… भुंकली… आणि सगळी एकदम गप्प.

'पंपघरात दिवा आहे. जागा आहेस वाटतं.'

दार त्याच्या पाठीशी होतं. कडी न लावता नुसतं लोटलेलं. पंपवाला मला म्हणाला, "मी मान वळवली नाही. मोटरकडे बघत बसलो. मानेवर गार वाटत होतं… तरी नाही वळवली." चालू मोटर सोडून जाता येत नव्हतं हे खरं, पण येत असतं तरी त्या दारातून बाहेर पडायची त्याची छाती नव्हती. हे तोच सांगत होता, रडत रडत.

पुन्हा बहिणीला फोन.

वाजतोय.

वाजतोय…

'दुकानाचं कुलूप बदललंय.'

…

'जिना.'

…

'बाबा जागे आहेत.'

आता अडवायला वाट उरलीच नव्हती. सूत्रधाराच्या हातात एकच गोष्ट उरली होती. ती त्याने आजवर कधी केली नव्हती. दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी त्याने लिहिलं,

'खेळ संपला.'

कंदील्या काहीतरी लिहीत असल्याचं दिसलं. टिंबं हलत होती. हलत राहिली… थांबली.

मग काही नाही.

सकाळी सहाला मी गेलो तर गडी दारातच उभा. डोळे तांबारलेले. किल्ल्या माझ्या हातात कोंबल्या आणि पळत सुटला तो थेट चष्मेवाल्याच्या घरी.

दार बहिणीने उघडलं. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "फोन उशाशीच होता हो. मला ऐकूच आला नाही. आणि आत्ता उठून बघते तर…"

तो आत धावला. म्हातारा उशीला टेकून बसला होता. जिवंत, चांगला हसतमुख. पंपवाल्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने नीट पाहिलं.

म्हाताऱ्याची दाढी मुलगाच करायचा. न्हाव्याला नाही की मुलीला नाही, दुसऱ्या कुणाला तो तोंडाला हात लावू द्यायचा नाही. तीन महिने तशीच वाढली होती, पांढरीशुभ्र. त्या सकाळी उजवा गाल साफ होता, हनुवटीच्या मध्यापर्यंत. डावीकडे दाढी तशीच. उजव्या कानाच्या पाळीला साबणाचा फेस लागलेला.

"घरात वस्तरा नाही," बहीण पुटपुटली. "दादाचं ते सगळं सामान मी कधीच देऊन टाकलंय."

"अर्धीच झाली रे," म्हातारा पंपवाल्याला म्हणाला. "मध्येच उठला. म्हणाला, बाबा, खेळ संपला, आता मला थांबता येत नाही. असा कसला रे तुमचा खेळ? पाच मिनिटं तरी थांबायचं."

पंपवाला तिथून तडक पंपघरात परत आला. मला म्हणाला, "मला वाटलं, न्यायला आलाय. तो दाढी करायला आला होता हो. मीच हाकललं त्याला."

त्यानंतर तो रोज रात्री त्या ग्रुपवर तोच प्रश्न विचारायचा. एकचा दाब टिपला की, 'आता काय करतोस?' मीही त्याला अडवलं नाही. उत्तर कधी आलं नाही.

म्हाताऱ्याने उरलेल्या दाढीला कुणाला हात लावू दिला नाही. "तोच करील," म्हणायचा. अकराव्या दिवशी झोपेतच गेला. शेवटचं बघायला मीही गेलो होतो. डाव्या गालावर ती पांढरी दाढी. उजव्या गालावर अकरा दिवसांत एक खुंटही उगवला नव्हता. मी हात लावून पाहिला. गाल गुळगुळीत होता… आणि ओला.