सुषमा बरी झाली

रांजणगावच्या आमच्या कंपनीत हेल्मेटशिवाय गेटातून आत सोडत नाहीत, मागं बसणाऱ्यालासुद्धा. म्हणून गेटपुरतं सगळेच घालतात आणि बाहेर पडलं की कोपरात अडकवतात. त्या दिवशी आम्हा दोघांची फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मीच बायकोला म्हणालो, "काढ की आता सुषमा, कोण बघतंय?" निमोण्याच्या अलीकडच्या वळणावर खडीवरून गाडी घसरली. मी स्वतःचं हेल्मेट काढायचा कंटाळा केला होता, त्यामुळं मला नुसतं खरचटलं. ती डोक्यावर आपटली.

शिरूरच्या डॉक्टरांनी स्कॅन बघितला. "रक्तस्राव नाही. मेंदूला हादरा बसलाय. तीन महिन्यांत पूर्ण बऱ्या होतील. उजेड, मोबाइल, दगदग नको. थोड्या गोंधळतील, तेव्हा वाद घालू नका."

हे मी नीट ऐकलं होतं. तरी वाद घातला. मी क्वालिटीत आहे, दिवसभर हातात मापाचं गेज. पीस पास, नाहीतर रिजेक्ट. मधलं मला कळत नाही.

पहिले आठ दिवस ती खिडकीला चादर लावून पडून होती. मळमळायचं, शब्द सापडायचे नाहीत. नवव्या दिवशी उठून बसली आणि म्हणाली, "अंकिता जेवली का?"

"कोण अंकिता?"

"अहो, असं काय करता? आपली अंकिता."

लग्नाला अकरा वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. आईनं मला बाजूला घेतलं. "जेवली म्हण की. तुझं काय जातंय?" मी आईवरच खेकसलो. अर्धवट बरी झालेली बायको मला नको होती. आता वाटतं, आईचं ऐकलं असतं तर.

मग रोज चहाच्या वेळी मी सुषमाला समोर बसवून तिच्याकडून म्हणून घ्यायला लागलो, "आपल्याला मुलगी न्हाई." ती रडायची. रडत रडत म्हणायची.

महिन्याभरात तिची डोकेदुखी उतरली. घरात मात्र मोजून केलेल्या भाकरीतली एक कमी पडायला लागली. मला वाटायचं आईनं खाल्ली, आईला वाटायचं मी. एकदा मोरीपाशी ओलं पाऊल दिसलं, माझ्या वितीपेक्षा लहान. एरवी मी कशाचंही माप घेतो. ते पायानं पुसून टाकलं.

एका दुपारी कामावरून एकटाच येत होतो. मागून शर्ट ओढला गेला. लहान मुठीत गच्च धरल्यासारखा, थेट गावापर्यंत.

मी मागं बघितलं नाही. घरी येऊन सुषमाला ते वाक्य दोनदा जास्त म्हणायला लावलं.

तिसऱ्या महिन्यात ती रडायची थांबली. मी विचारायच्या आधीच म्हणून टाकायची, भाजीत मीठ न्हाई म्हणावं तसं. भाकरी पुरायला लागल्या. शर्ट कुणी धरेना. मी मुद्दाम गाडी हळू चालवून बघितली. कुणी नाही. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि ते सांगणार कुणाला?

डॉक्टर म्हणाले, "शंभर टक्के बऱ्या झाल्यात. कामावर जाऊ द्या."

परत येताना त्या वळणावरच्या रसवंतीपाशी थांबलो. अपघाताच्या दिवशी तिथल्या रहीमचाचांनीच आम्हाला उचलून रिक्षात घातलं होतं. त्यांचे आभार मानायचे राहिले होते.

"बऱ्या झालात ताई, लई ब्येस झालं," चाचा म्हणाले. उसाचं कांडकं चरकात सारलं आणि तीन ग्लास मांडले.

"तीन कशाला?" मी विचारलं.

"पोरीला बिनबर्फाचा देतो. तवा लई रडत हुती, आईला उठवा म्हनून."



सुषमा हसली. "आम्हाला मुलगी न्हाई, चाचा."

चाचांचा हात थांबला. त्यांनी माझ्या कमरेशेजारी, जरा खाली बघितलं. मग सुषमाकडं.

"तिच्यासमोर तरी असं नका बोलू, ताई," ते हळू आवाजात म्हणाले.