तिसरा उद्गार

पेजेचा चमचा आईच्या ओठांशी नेता नेता शैलजाचा हात तसाच अधांतरी राहिला... बैठकीच्या खोलीतून दादा फोनवर बोलत होता, "हो नीना, रविवारी ईस्टरची, पुनरुत्थानाची उपासना झाली की संध्याकाळच्या फ्लाइटनं आईला घेऊन निघतो. तुझ्याकडची खोली तयार ठेव."

दादा शिकागोत पाळक होता, आणि नीना त्याच्या चर्चच्या मंडळीतली निवृत्त नर्स. भली बाई. पण आईला तिच्याकडे ठेवायचं ठरलं, आणि ज्या घरात आई राहते त्या घराला ते भिंतीपलीकडून ऐकावं लागलं!

शैलजानं चमचा भरवला, आईचं तोंड पुसलं आणि मगच ती बाहेर आली. टेबलावर दादानं शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेला पेढ्यांचा खोका होता. आईची साखर वाढून किती वर्षं झाली, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"दादा, मला विचारायचं तरी."

"अगं, तुझ्यासाठीच करतोय. किती वर्षं अडकून पडलीस तू." गिरीशदादा मायेनं बोलला, आणि खरंच मायेनंच बोलला, हेच तर दुःख होतं. "प्रभूनंही आईला शिष्याच्या हाती दिलं होतं ना?"

शैलजानं पेढ्यांचा खोका उचलून फडताळात ठेवला. आईचं अंग लुळं पडलं त्या वर्षी दूरच्या बेलव्ह्यू शहरातली नोकरी आणि तिथे तिची वाट पाहणारा देवांग, दोघांनाही तिनं एकाच दुपारी नाही म्हणून कळवलं होतं. त्याचं तिनं कधी भांडवल केलं नाही. पण आई रोज सकाळी तिच्याच हातून वेणी घालून घेत विचारी, "गिरीश आला का?" आणि तिला मात्र नावानं हाक मारायची विसरून गेली होती. त्या वेळी शैलजाच्या काळजात काहीतरी तुटे... ते ती भांड्यांच्या आवाजात बुडवून टाकी.

आज उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. शैलजा राहत होती त्या मॉरिसव्हिलची मराठी मंडळी एका अमेरिकन चर्चचा हॉल भाड्यानं घेऊन दुपारी जमत असे, आणि वधस्तंभावरच्या प्रभूच्या शेवटच्या सात उद्गारांवर सात जण बोलत. सातवा मान पाहुण्या पाळकाचा, म्हणजे दादाचा. तिसरा उद्गार, ज्यात प्रभू आपली आई योहान या शिष्याला सोपवतो, तो मंडळीचं कामकाज पाहणाऱ्या शोभाकाकूंनी यंदा शैलजाला दिला होता. "तू थोडक्यात आवरतेस बाई, म्हणून," असं त्या म्हणाल्या होत्या.

शैलजानं आईची व्हीलचेअर पहिल्या रांगेत लावली आणि ती पुढे जाऊन उभी राहिली. आवाज स्थिर होता.

"प्रभूला भाऊ होते. याकोब त्यातला एक. प्रभू गावोगाव फिरत होता तेव्हा नाझरेथच्या घरात पाणी कोणी भरलं, आई आजारी पडली तर रात्र कोणी जागवली, हे शास्त्रात नाही. माझ्या मते याकोबानं. त्या दिवशी मात्र तो वधस्तंभाशी नव्हता, म्हणून आई योहानाला द्यावी लागली. घरचं कोणी उभं नसेल, तेव्हा योहान लागतो." तिनं दादाकडे पाहिलं. "मी उभी आहे. माझी आई कुठेही जाणार नाही."

शोभाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला.

सातव्या उद्गाराला गिरीश उठला. लिहून आणलेलं त्यानं उघडलंच नाही. तो म्हणाला, "प्रभू उठल्यावर शिष्यांना भेटला, शेकडोंना भेटला. पण घरी राहिलेल्या भावाला, याकोबालाही भेटला, हे मी आजवर वाचत आलो आणि पुढे जात आलो." एवढंच बोलून तो बसला.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला.

"शैलू, याकोबाशी त्या भेटीत प्रभूचं काय बोलणं झालं, ते कुठे लिहिलेलं नाही. माफी मागितली असेल का गं?"

"प्रभूनं कशाला मागायची? त्याची काय चूक?" तिनं गॅस लावला. "तू माग."

गिरीशनं मागितली. शब्द सापडेनात, तशी त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि हा उपदेशानं हजारोंना रडवणारा माणूस लहान पोरासारखा रडला. शैलजाचेही डोळे वाहिले, पण निश्चय हलला नाही.

"आई इथेच राहील. तू दर महिन्याला येऊन आठवडाभर राहायचंस. तेवढे दिवस वेणी, पेज, अंघोळ, सगळं तुझ्याकडे."

"येईन. पेज कशी करायची तेवढं शिकव."

त्यानं स्वतः ढवळलेली पेज घेऊन तो आईसमोर बसला. आईनं इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती मूर्ती पुढ्यात होती. तिनं त्याच्याकडे शांतपणे, परक्या नजरेनं पाहिलं आणि त्याच्या खांद्यावरून मागे पाहत हाक मारली, "शैलू, पाहुणे आलेत. त्यांना काही वाढलंस का?"

शैलू...! किती वर्षांनी! तिनं ओट्याची कड घट्ट धरली. पण दादाचा पडलेला चेहरा दिसला, आणि स्वतःचं सुख तिनं तसंच बाजूला ठेवलं. ती पुढे आली, दादाचा हात उचलून आईच्या हातात दिला.

"पाहुणा नाही गं आई, घरचाच आहे. त्याला भांडी घासायला सांग."