आमी आणि आपुन

म्हसवडच्या परदेश-शिक्षण केंद्रात मायाक्का कोळेकर सकाळपासून एकच शब्द घोकत बसली होती : मी. केंद्र चालवणाऱ्या मुलाणी मॅडम समोर बसून तिच्या चुका मोजत होत्या. दर तिसऱ्या वाक्याला ती घसरत होती.

खरे तर भाषेची अडचण दोन वर्षांपूर्वीच संपली होती. कानात ज्वारीच्या दाण्याएवढा ‘सेतू’ बसवला की माणदेशी माणसाचे बोलणे पलीकडच्याला त्याच्या भाषेत ऐकू येई आणि त्याचे उत्तर चक्क माणदेशीत कानात पडे. परदेशी प्रवेशासाठीची इंग्रजीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा मॅडमनी पेढे वाटले होते. त्यानंतर माणदेशातून सहा मुले मुलाखतीला बसली आणि सहाही नापास झाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे मॅडमच्या उशिरा ध्यानात आले. सेतू भाषांतराबरोबर मुलाखतीचे गुणही देत होता. काम कोणी केले हे तो वाक्यातल्या कर्त्यावरून ठरवी, आणि ही मुले स्वतःच्या कामाबद्दल बोलतानाही ‘आमी’ म्हणत. ‘आमी’ला कर्तृत्वाचे गुण जवळजवळ नाहीतच.

मायाक्काचे काम लहान नव्हते. मेंढरांच्या गळ्यात संवेदक बांधून, कोणत्या माळाला किती दिवस विसावा द्यायचा याचे गणित तिने मांडले होते. चार वर्षांत बोडक्या माळावर पवन्या गवत परत आले होते. यापुढचे गणित शिकवणारे विद्यापीठ उत्तरेकडच्या एका थंड देशात होते आणि तिथे जागा एकच होती. वयाची अट पाहता तिची ही शेवटची संधी होती.

“खोटं थोडंच बोलायचंय?” मॅडम म्हणाल्या. “गणित तूच केलंस ना? मग ‘मी’ म्हणायला जीभ का अडते?”

अकरा वाजता पडद्यावर त्या विद्यापीठाच्या प्राध्यापकबाई आल्या. पिकले केस, चेहरा गंभीर. मायाक्काने नेट लावला. मी संवेदक बसवले, मी नकाशा काढला, मी गणित तपासले. पडद्याच्या कोपऱ्यातला गुणांचा आकडा चौसष्टवर गेला आणि मॅडमच्या जिवात जीव आला. मग बाईंनी विचारले, की पहिल्या वर्षी मेंढरे उपाशी असताना माळ बंद ठेवायचा निर्णय कोणी घेतला.

मायाक्काला ते वर्ष आठवले. त्या वर्षी तिची चुलती निम्मी मेंढरे घेऊन आठ महिने परमुलखात फिरली होती. पाच वस्त्यांवरच्या बायकांनी डोळ्यांदेखत कोकरे मरू दिली, पण माळाचे कुंपण उघडले नाही. इथे ‘मी’ म्हटले की जागा मिळणार होती. तिला त्या शब्दाची शरम वाटली.

“त्यो निर्णय माझा न्हवं,” ती सावकाश म्हणाली. “पाच वस्त्यांवरच्या बायकांचा. आमी माळ राखला. त्यांनी ऐकलं नसतं तर माझं गणित कागदावरच ऱ्हायलं असतं. गुण कापायचं तर कापा. पर आता आपुन माळ राखला न्हाई, तर गवत कुटंच टिकायचं न्हाई.”

आकडा नऊवर आला. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

बाई मात्र मुलाखत संपवेनात. त्यांच्या पडद्यावर सेतूने ‘आमी’ आणि ‘आपुन’ या दोन शब्दांखाली रेघ ओढली होती, शब्द वेगळे पण अर्थ एकच, असे म्हणून. खरेच एकच आहे का, असे त्यांनी विचारले.

“येगळं हायती,” मायाक्का म्हणाली. “आमी म्हंजे तुमास्नी सोडून. आपुन म्हंजे तुमास्नी धरून.”

बाईंनी त्या नऊच्या आकड्याकडे पाहिले. आमच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, त्या म्हणाल्या, आणि हे यंत्र आमच्या भाषेवर वाढले आहे. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मायाक्काचाच ‘आपुन’ हा शब्द उचलला, आणि मायाक्काच्या कानात अस्सल माणदेशीत प्रश्न आला :

“मग ह्यो नऊचा आकडा आपुन कसा खोडायचा?”